फियाट ११०० डिलाइट : चालता चालता बंद पडते, वीस मिनिटांनी आपोआप चालू होते

लक्षण असं. सकाळी चोक ओढला की अर्ध्या सेल्फमध्ये गाडी चालू होते. गावातून छान पळते. तीस-चाळीस किलोमीटर होतात, चढ लागतो, आणि पायाखालचा जोर गेल्यासारखं वाटतं. दोन-चार झटके बसतात आणि इंजिन बंद. सेल्फ मारला तर नुसतं फिरत राहतं. बॉनेट उघडून पंधरा-वीस मिनिटं थांबलं की काही झालंच नव्हतं अशी चालू होते. पुढे दहा किलोमीटरवर पुन्हा तेच.

जुनी फियाट असलेल्या जवळजवळ प्रत्येकाने हे कधी ना कधी भोगलंय. आमच्या गाडीने आठ महिने भोगायला लावलं. त्या आठ महिन्यांत मी जे पैसे आणि रविवार घालवले ते तुमचे वाचावेत म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

गाडी काकांची, १९६७ची डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये बनलेली, १०८९ सीसीचं इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. पुढे पद्मिनी म्हणून जी गाडी आपण सगळ्यांनी पाहिली तिचं इंजिन मुळात हेच, त्यामुळे पद्मिनीवाल्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. काका गेल्यावर ती अकरा वर्षं वाड्याच्या पडवीत उभी होती. टाकीत जुनं पेट्रोल तसंच. आम्ही इंजिन पूर्ण उतरवलं, सिलिंडर वीस थाऊ, म्हणजे इंचाचा पन्नासावा भाग, बोअर करून घेतले, क्रँक घासून नवे बेअरिंग टाकले, हेड सपाट करून व्हॉल्व्ह बसवले. टाकी आतून गंजली होती म्हणून ती एका गॅरेजकडे साफ करायला दिली. तिथे त्यांनी आतून गंज रोखणारा लेप, म्हणजे टँक सीलर, लावून दिला. हे वाक्य लक्षात ठेवा.

(जाता जाता : बाहेरून पार्ट मागवणार असाल तर जपून. इटलीत याच गाडीच्या ११०० डी मॉडेलला १२२१ सीसीचं इंजिन होतं, बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ७२ मिमी. आपल्या गाडीचा बोअर ६८. पिस्टन आणि हेड गॅस्केट फोटोत सारखे दिसतात, बसत नाहीत.)

आठ महिने मी काय करत होतो

पहिल्यांदा बंद पडली तेव्हा सोबतचा मित्र म्हणाला, कंडेन्सर, म्हणजे प्लगच्या ठिणगीच्या यंत्रणेतला एक छोटा भाग. कंडेन्सर बदलला, गाडी चालू झाली. आम्ही खूश. पुढच्या रविवारी पुन्हा बंद. मग ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल बदलली, गाडी चालू झाली. पुन्हा बंद. मग एसी पंप, म्हणजे इंजिनवरचा यांत्रिक पेट्रोल पंप, उघडून नवा डायफ्रॅम आणि व्हॉल्व्हचं किट टाकलं. नाना पेठेत जुन्या साठ्यातला अख्खा पंप मिळाला तोही लावून पाहिला. पंपावर ओला फडका टाकला, जसा पूर्वी घाटात टॅक्सीवाले टाकायचे. गाडी चालू झाली. रेडिएटरची कोर बदलली, थर्मोस्टॅट बदलला. दर वेळी गाडी चालू झाली आणि दर वेळी आठवड्याभरात पुन्हा थांबली.

चूक कुठे होत होती ते फार उशिरा कळलं. ही गाडी वीस मिनिटं थांबली की *काहीही न करता* चालू होते. कंडेन्सर बदलायला वीस मिनिटं लागतात, पंप उतरवायला त्याहून जास्त. म्हणजे मी जे काही करत होतो त्या प्रत्येक गोष्टीला यशाचं श्रेय आपोआप मिळत होतं. ओला फडका टाकून पंधरा मिनिटं थांबलो आणि गाडी चालू झाली, तर ती फडक्यामुळे झाली की पंधरा मिनिटांमुळे? सांगता येत नाही. पण आपण फडक्याचं नाव घेतो.

म्हणून या रोगात निदानाची वेळ एकच : बंद पडल्यावरची पहिली दोन-तीन मिनिटं. त्या वेळात बिघाड अजून जिवंत असतो. त्यानंतर तुम्ही एका चांगल्या गाडीची तपासणी करत असता, आणि घरी गॅरेजमध्ये तर नक्कीच.

त्या दोन मिनिटांत काय पाहायचं

गाडी कडेला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा. चावी बंद करा. बॉनेटकडे धावू नका. आधी मागे जा आणि टाकीचं झाकण हळूच उघडा, कान लावून. टाकीने हवा आत ओढल्याचा ‘स्स’ असा आवाज आला तर टाकीला श्वास घ्यायची वाट नाही. पेट्रोल निघून जातं तशी त्याच्या जागी हवा यायला हवी. ती झाकणातल्या बारीक भोकातून किंवा वेगळ्या नळीतून येते. रिस्टोरेशनमध्ये हे हमखास घडतं : रंगारी ती नळी रंगाने बुजवतो, किंवा आपण दिसायला सुंदर पण भोक नसलेलं झाकण घेऊन येतो. आवाज आला आणि झाकण उघडल्यावर मिनिटभरात गाडी चालू झाली तर काम झालं, झाकण बदला. आमच्याकडे आवाज आला नाही.

आता बॉनेट. एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या नरड्यात टॉर्चने पाहा आणि हाताने अ‍ॅक्सिलरेटरची दांडी झटक्यात ओढा. अ‍ॅक्सिलरेटर पंप असलेल्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली पाहिजे. दिसली म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवणाऱ्या वाटीत, पेट्रोल आहे, गाडी पेट्रोलवाचून मेलेली नाही, इग्निशनकडे, म्हणजे ठिणगीच्या बाजूकडे वळा. पिचकारी आलीच नाही किंवा दोन थेंब पडून थांबली, तर चेंबर कोरडा आहे आणि कंडेन्सर-कॉइलला हात लावायचं कारण उरलं नाही. ही एवढी एक तपासणी मी पहिल्या दिवशी केली असती तर निम्मा खर्च वाचला असता.

करंट पाहायचा असेल तर खिशात एक जादा प्लग ठेवा. वायरीला लावून प्लगची बॉडी इंजिनला नीट टेकवा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. निळी, टचटच वाजणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मध्येच गायब होणारी ठिणगी म्हणजे कॉइल, कंडेन्सर किंवा अर्थिंग खराब. पण एक अट : ही तपासणी पेट्रोलची नळी उघडण्याच्या *आधी* करायची. इंजिनवर पेट्रोल सांडलेलं असताना ठिणगी काढून गाड्या जळाल्या आहेत. अग्निशामक डिकीत नको, हाताशी हवा, पुढच्या सीटखाली.

आमच्या गाडीत करंट निळा होता, आणि चेंबर कोरडा. म्हणजे पेट्रोल येत नव्हतं. सगळे एका सुरात म्हणाले, व्हेपर लॉक, म्हणजे गरम नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडते. मीही म्हणालो.

पसरणीचा घाट, डिसेंबर

व्हेपर लॉकवर माझा विश्वास एका पहाटे उडाला. डिसेंबरात वाईहून पाचगणीला निघालो होतो. पसरणी घाटात धुकं होतं, अंगात स्वेटर होते, तापमानाचा काटा मध्याच्याही खाली होता. तिसऱ्या वळणानंतर तेच झटके आणि तीच शांतता. इतक्या थंडीत पेट्रोल उकळून नळीत वाफ धरेल हे पटेना.

मागून येणारी एक जीप थांबली. त्यातले एसटीतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक उतरले, सत्तरीचे असतील. मी बॉनेटमध्ये वाकलेलो. त्यांनी विचारलं, “काय रे बाळा, पेट्रोल येत नाही?” म्हटलं, “नाही काका. पंप दोनदा बदललाय.” ते म्हणाले, “पंपाचं सोड. पंपापर्यंत येतंय का ते सांग.”

त्यांनी पंपाची टाकीकडची नळी सोडवली आणि माझा पायाचा पंप त्या नळीला लावून टाकीच्या दिशेने दोनच हलके दाब दिले. डिकीतून गुडगुड आवाज आला. नळी पुन्हा बसवली, सेल्फ मारला, सात-आठ सेकंदांत गाडी चालू. बंद पडून जेमतेम चार मिनिटं झाली होती. “टाकीत कचरा आहे. ओढला की नळीच्या तोंडावर बसतो, ओढ थांबली की खाली पडतो,” एवढं सांगून ते जीपमध्ये बसले.

आठ महिन्यांचं कोडं त्या एका वाक्यात सुटलं. टाकीत पेट्रोल ओढणारी जी नळी उतरते तिच्या तोंडाशी एखादा पातळ पापुद्रा तरंगत असेल, तर पंपाच्या ओढीने तो तिथे चिकटतो. सपाटीवर पेट्रोल कमी लागतं, ओढ मंद असते, गाडी भागवून घेते. चढावर थ्रॉटल उघडं असतं, पेट्रोल जास्त लागतं, ओढ वाढते, पापुद्रा घट्ट बसतो. फ्लोट चेंबर रिकामा होतो आणि इंजिन थांबतं. इंजिन थांबलं की पंप थांबतो. नळीतला ताण हळूहळू जातो, पापुद्रा सुटून तळाला बसतो. तुम्ही सेल्फ मारता आणि गाडी चालू होते. उष्णतेचा यात काही संबंध नाही, फक्त वेळापत्रक उष्णतेसारखं आहे. इंजिन गरम व्हायला जेवढा वेळ लागतो साधारण तेवढ्याच वेळात घाट लागतो, म्हणून आपण दोन्हींची सांगड घालतो.

टाकी उघडली तेव्हा

घरी आल्यावर टाकी रिकामी करून उतरवली. पेट्रोलची पातळी दाखवणारं फ्लोटचं युनिट काढून आत आरसा आणि टॉर्च धरला. लेप अर्ध्या तळावरून सुटला होता. नखाएवढे, काही बोटाएवढे पापुद्रे, कांद्याच्या सालासारखे. ओढनळीच्या टोकाची जाळी तर कुणीतरी काढूनच टाकली होती.

लेप सुटण्याची दोन कारणं असतात आणि बहुतेक वेळा दोन्ही एकत्र येतात. एक, लेपाखालचा गंज आणि तेलकटपणा पूर्ण काढलेला नसतो. दोन, इथेनॉल. आपल्याकडे जून २०२२मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल सरासरी १० टक्क्यांवर गेलं, फेब्रुवारी २०२३मध्ये ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, पंपांवर यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. जुने लेप या मिश्रणासाठी बनलेले नव्हते. ते फुगतात, मऊ होतात, पत्र्याला सोडतात. हेच रबरी नळ्यांचं. आपल्या काळ्या साध्या नळ्या आतून सुजतात, त्यांचे आतले पदर सुटून झडपेसारखे वागतात, आणि बाहेरून नळी ठणठणीत दिसते.

उपाय कष्टाचा आहे, पण आडवाट शोधू नका. टाकीतला सुटा लेप नुसता धुऊन उरलेला राहू द्यायचा, असं करू नका. उरलेला चार महिन्यांनी सुटतो. आम्ही सॉल्व्हंट टाकून, बुजवून, दोन-दोन तासांनी उलटसुलट करत चार दिवसांत सगळा लेप काढला. मोकळ्या अंगणात, हातमोजे घालून, आसपास विडी-काडी नाही. मग मूठभर छोटे नट आणि साखळीचा तुकडा आत टाकून खळखळवलं, गंज काढला, पाण्याने धुतलं, लगेच गरम हवेने सुकवलं. टाकीला दोन बारीक भोकं निघाली. ती रेडिएटरवाल्याकडून झाळून घेतली. इथे जीव जाऊ शकतो म्हणून स्पष्ट लिहितो : रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, कारण आत वाफ असते. गरम पाण्याने अनेकदा धुतल्याशिवाय आणि पाणी भरल्याशिवाय कुणालाही टाकीजवळ ज्योत नेऊ देऊ नका, मेकॅनिक कितीही अनुभवी असो.

पुन्हा लेप लावला नाही. पत्रा शाबूत असेल तर माझं मत साफ आहे : लेप नको. टाकी भरलेली ठेवा म्हणजे आत हवा आणि दमटपणा कमी राहतो. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसाळाभर अर्धी टाकी ठेवून गाडी झाकून ठेवली तर तळाशी पाणी जमतं आणि गंज पुन्हा सुरू होतो.

ओढनळीला पितळी जाळी बसवली, बारीक नाही, जाडसर. बारीक जाळी स्वतःच तुंबते. पंपाच्या आधी काचेचा फिल्टर लावला म्हणजे आत काय येतंय ते डोळ्यांना दिसतं. टाकी ते पंप मधले सगळे रबरी तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या, व्हिटॉनच्या नळीचे केले. घेताना नळीवर छापलेलं वाचा, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. पंपातला डायफ्रॅमही इथेनॉल सोसणारा मागा. तो फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या तेलात उतरतं, म्हणून दर आठवड्याला डिपस्टिक काढून वास घ्या. तेलाची पातळी वाढलेली आणि पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नका.

खरा व्हेपर लॉकही असतो

वर व्हेपर लॉकला आरोपातून सोडलं म्हणजे तो नसतोच असं नाही. मे महिन्यात, दुपारी, रहदारीत रांगत असताना, वारा लागत नसताना गाडी झटके खाऊन थांबली तर तोच असण्याची शक्यता मोठी. आणि त्याचं नातं याच ओढीशी आहे. यांत्रिक पंप इंजिनवर असतो, टाकी मागे. पंप पेट्रोल ओढतो म्हणजे नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो. जाळी तुंबलेली, नळी आतून सुजलेली, झाकण बुजलेलं, यातलं काहीही असलं तरी पंपाला जास्त जोराने ओढावं लागतं आणि एरवी जे पेट्रोल उकळलं नसतं ते उकळतं. म्हणून फडके लावण्याआधी ओढीचा रस्ता मोकळा करा. आमच्या टाकीच्या कामानंतर मे महिन्यातला त्रासही निम्म्याहून कमी झाला.

इथेनॉल एकटं ७८ अंशांना उकळतं, म्हणून त्याने वाफ कमी होईल असं वाटतं. होतं उलट. थोडं इथेनॉल मिसळलं की पेट्रोलमधल्या हलक्या घटकांबरोबर मिळून ते मिश्रण जास्त सहज उडतं. शिवाय इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर, मिश्रण पातळ पडतं, इंजिन थोडं जास्त तापतं. प्लग पांढरेफटक दिसत असतील तर मेन जेट एक पायरी मोठा करून पाहा.

आता पंपाखालचा बेकलाइटचा ठोकळा. पंप आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यात उष्णता अडवायला तो असतो. ओव्हरहॉलमध्ये तो तडकतो आणि बरेच मेकॅनिक नुसतं गॅस्केट लावून पंप बसवतात. मग ब्लॉकची सगळी उष्णता पंपात, आणि पंपाच्या दांडीचा फटकाही बदलतो, कारण ठोकळ्याच्या जाडीवर तो ठरलेला असतो. ठोकळा मूळ जाडीचाच हवा. कार्ब्युरेटरखालचा पत्रा, जो सायलेन्सरकडची धग अडवतो, तोही क्रोम-रंगाच्या नादात हरवलेला असतो. तो शोधून लावा. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून चार बोटं तरी दूर वळवून घ्या.

टाकीजवळ विजेचा पंप लावावा का, असं बरेच जण विचारतात. तांत्रिकदृष्ट्या तो चांगला उपाय आहे, कारण तो ओढत नाही, ढकलतो. दाब दोन ते तीन पीएसआयच्या वर नको, नाहीतर फ्लोटची सुई दाब धरत नाही आणि कार्ब्युरेटर वाहतो. आणि अपघातात इंजिन थांबलं की पंप आपोआप बंद होईल असा स्विच हवाच. मी लावला नाही. गाडी व्हीए, म्हणजे विंटेज गाड्यांच्या नंबर मालिकेत नोंदवायची आहे. २०२१च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात येते. एका पंपाने नोंदणी अडेल असं मी म्हणत नाही, पण काकांनी ती जशी चालवली तशी ती चालावी असं मला मनापासून वाटतं.

पेट्रोल येतंय, तरी बंद पडते

पिचकारी आली आणि ठिणगी मेली, तर मग इग्निशन. कॉइल गरम असतानाच तिच्या प्राथमिक वेटोळ्याचा रोध मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला तो साधारण तीन ते साडेतीन ओहम असतो. गरम झाल्यावर मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटून थंडीत टेकते आहे. कंडेन्सर नवा म्हणजे चांगला, असं आता राहिलेलं नाही. माझ्या अनुभवात जुन्या साठ्यातला चालू कंडेन्सर नव्यापेक्षा बरा निघाला. आणि रंगवलेल्या गाडीत सगळ्यात आधी अर्थिंग तपासा : इंजिन ते बॉडीची पट्टी जिथे बसते तिथला रंग खरवडून चकचकीत पत्रा काढा. प्लगना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आतली बारीक अर्थिंगची वेणीही बघा. ती तुटत आलेली असली तर चढावर, प्लेट हलली की ठिणगी जाते.

गाडी तुम्हीच बंद केली, चहा घेतला, आणि आता चालू होत नाही, हे वेगळं दुखणं आहे. तिथे बहुधा पेट्रोल कमी नसून जास्त असतं. धगीने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या वाटेत, सांडलेलं असतं, वासावरून कळतं. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा, पंप करू नका, सेल्फ मारा.

टाकीचं काम होऊन चौदा महिने झाले. पहिले दोनशे किलोमीटर झाल्यावर फिल्टर उघडला तेव्हा तीन पापुद्रे होते, पाचशेला एक, त्यानंतर काच स्वच्छ. पसरणीचा घाट सहा वेळा चढून झाला, एकदाही थांबली नाही. डिकीत आता पाच गोष्टी कायम असतात : जादा प्लग, टॉर्च, पायाचा पंप, व्हिटॉन नळीचा हातभर तुकडा आणि दोन क्लिपा. टाकीकडे हवा मारायची वेळ आली तर आधी झाकण उघडा, नळी पंपापासून सोडवा, आणि दाब अगदी हलका द्या. जुन्या टाकीचे सांधे जोराचा दाब सोसत नाहीत.